शेजारी कोठे आहे? : मराठी नाटकांतील वार्धक्यासंबंधी काही विचार

नोकरीच्या निमित्ताने मुलूख सोडून दूर राहिलेल्या मराठी मंडळींना वर्षातून एकदा गणपती आणि त्याच्या मागोमाग नाटक, ही दोन्ही भेटली म्हणजे आपण अद्याप आपल्या माणसांत आहोत असा दिलासा मिळतो. गेल्या गणेशोत्सवात येथील एका मराठी मंडळात 'नटसम्राट'च्या अखेरच्या अंकातील काही भाग सादर झाला. गणपतराव बेलवलकरांची भूमिका करणारे गृहस्थ बँकेत अधिकारी आहेत. त्यांचे पाठांतर पक्के नव्हते आणि चिकटविलेली दाढी एका बाजूने सुटू पाहत होती. तरीही घर मागणाऱ्या त्या प्रसिद्ध स्वगताला सभागृहात भराभर रुमाल बाहेर निघाले. आमचाही निघाला. बंगळुरात बदली होऊन आलेल्या प्रत्येकाला आपापल्या गावी सोडून आलेले कोणी तरी त्या क्षणी दिसले असेल.

रात्री दहाच्या सुमारास आम्ही मल्लेश्वरममधील आमच्या बिऱ्हाडी परतलो. तळमजल्यावर सत्तरी उलटलेले एक कन्नड गृहस्थ एकटे राहतात. निवृत्त अभियंता, पत्नी निवर्तलेली, मुलगी परदेशी. त्यांच्या दाराच्या कडीला सकाळची नंदिनी दुधाची पिशवी तशीच लटकत होती आणि पायरीवर त्या दिवसाचे वर्तमानपत्र पडले होते. आमच्या सौभाग्यवतींनी तिकडे बोट दाखविले. "कोठे गावाला गेले असतील," असे म्हणून आम्ही जिना चढलो. डोक्यात अद्याप गणपतराव होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध टाकणाऱ्या मुलाने आदल्या दिवसाची पिशवी पाहिली, दार ठोठावले, आतून क्षीण हाक ऐकली आणि आरडाओरडा केला. दार फोडावे लागले. ते गृहस्थ आदल्या सकाळपासून न्हाणीघरात पडून होते. खुब्याचे हाड मोडले होते. त्या अवधीतले आठ तास आम्ही त्यांच्या डोक्यावरच्या खोलीत स्वस्थ झोपलो होतो.

पश्चात्तापाचे प्रदर्शन मांडावे म्हणून हे सांगितलेले नाही. तो आमचा खासगी मामला आहे. परंतु या प्रसंगातून एक वाङ्मयीन प्रश्न उभा राहतो आणि तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. रंगमंचावरील म्हाताऱ्यासाठी पाझरलेल्या डोळ्यांना तासाभराने दारावरची दुधाची पिशवी दिसूनही का दिसू नये? दोष आमचा आहेच. पण ज्या नाटकांनी आम्हांला म्हातारपण पाहावयास शिकविले, त्यांनी ते कोणत्या बाजूने दाखविले, हेही एकदा तपासून पाहिले पाहिजे.

प्रारंभ 'नटसम्राट'पासूनच करावयास हवा. वि. वा. शिरवाडकरांचे हे नाटक २३ डिसेंबर १९७० रोजी रंगभूमीवर आले, डॉ. श्रीराम लागूंनी ते उभे केले आणि १९७४ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'ची सावली त्यावर आहे हे सर्वश्रुत आहे. निवृत्त नट आपले सारे मुलांना वाटून देतो, मुलाच्या घरी नकोसा होतो, मुलीच्या घरी त्याच्यावर चोरीचा आळ येतो, पत्नी कावेरी त्याला अंतरते आणि तो रस्त्यावर येतो. या कथेवर आजवर जे पुष्कळ लिहिले व बोलले गेले, त्यात एकाच न्यायालयाची बैठक चाललेली दिसते. आरोपी मुले, साक्षीदार आपण, निकाल ठरलेला. म्हातारपणाचे दुःख म्हणजे रक्ताच्या नात्याने केलेला विश्वासघात, हे समीकरण या नाटकाने आमच्या मनात असे घट्ट बसविले आहे की, ज्याची मुले कृतघ्न नाहीत तो म्हातारा सुखी असलाच पाहिजे, असे आपण न बोलता धरून चालतो. आमच्या तळमजल्यावरील गृहस्थांची मुलगी रोज रात्री फोन करते. त्या रात्रीही तिने केला होता. तो उचलला गेला नाही तेव्हा वडील झोपले असतील असे तिला वाटले. तिच्यात लिअरच्या थोरल्या मुलींचा अंशही नाही. तरीही वडील चोवीस तास फरशीवर होते.

मात्र 'नटसम्राट' पुन्हा वाचताना आम्हांला त्यात अशी एक गोष्ट आढळली, की जिच्याकडे पाहणाऱ्यांचे लक्ष क्वचितच जाते. गणपतरावांना अखेर आधार मिळतो तो राजा या बूटपॉलिश करणाऱ्या मुलाचा. तो त्यांचा कोणी नाही. त्यांची कीर्ती त्याला ठाऊक नाही. पदपथावरची आपली जागा तो त्यांच्याबरोबर वाटून घेतो. 'लिअर'मध्येही वादळात राजाची साथ करणारे विदूषक आणि केंट आहेत; त्याला आसरा देणारा ग्लॉस्टर आहे, आणि त्या माणुसकीपायी तो आपले डोळे गमावून बसतो. म्हणजे परक्याने परक्याला दिलेला आधार ही गोष्ट या दोन्ही नाटककारांना दिसली होती. शिरवाडकरांवर आम्ही अन्याय करू इच्छीत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, हा राजा तिसऱ्या अंकात येतो. घर गेल्यावर, पत्नी गेल्यावर, पदपथ उरल्यावर येतो. पहिल्या अंकात गणपतराव ज्या घरात राहत होते, त्या घराला शेजार नव्हता काय? ज्याच्या एका शब्दावर थिएटरे भरत, त्याच्या आळीत 'अप्पा, घर लिहून देऊ नका' असे सांगणारा एकही माणूस नव्हता काय? नाटकात तो नाही. शोकांतिकेला एकाकी नायक लागतो, म्हणून नाटककाराने त्याला बाहेर ठेवले, हे कलेच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. पण नाटकाने बाहेर ठेवलेला तो माणूस प्रेक्षकाच्या मनातूनही बाहेर गेला, हे मात्र नुकसान झाले.

बेलवलकरांच्या या चुकीवर पुढे कायद्याने उतारा शोधला. २००७ सालच्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीच्या कायद्यातील २३ व्या कलमानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. उपाय चांगला आहे. परंतु तोही त्याच न्यायालयातला, बाप विरुद्ध मुलगा या खटल्यातला. न्हाणीघरात पडलेल्या माणसाला २३ वे कलम उठवून बसवीत नाही.

जयवंत दळवींचे 'संध्याछाया' आम्हां बदलीवरच्या माणसांना अधिक झोंबते, आणि त्याला कारण आहे. यात दुष्ट कोणी नाही. नाना आणि नानी हे सुस्थितीतले जोडपे. एक मुलगा अमेरिकेत रमतो, संरक्षण दलातला दुसरा मुलगा त्यांना कायमचा अंतरतो, आणि वाट पाहण्याजोगे काही उरले नाही तेव्हा दोघे आपणच आयुष्य संपवितात. दळवींचा मोठेपणा असा की, त्यांनी मुलांना पिंजऱ्यात उभे केले नाही. आरोपीच नाही म्हटल्यावर दुःखाची जी खरी जात आहे ती स्वच्छ दिसू लागते: दिवस रिकामे आहेत, घर शांत आहे आणि जिवंत असल्याची दखल घेणारे कोणी नाही. येथे पैसा उणा नाही, औषध उणे नाही. उणे आहे ते अगदी किरकोळ, रोजचे, कोणीतरी डोकावण्याचे. ही उणीव किरकोळ असूनच प्राणघातक ठरते, हे दळवींनी अचूक हेरले.

पण प्रेक्षक हे नाटक पाहून बाहेर पडतो तेव्हा काय घेऊन बाहेर पडतो? 'काळच असा आला आहे' हे एक वाक्य. जी गोष्ट चार माणसांनी मिळून दूर करता आली असती, तिला नाटकात दैवाचे रूप येते. आणि दैवापुढे माणूस हात जोडतो, हात पुढे करीत नाही. दळवींना स्वतःलाही या दैवाशी तडजोड मान्य नसावी. 'कालचक्र' या त्यांच्या नाटकातील वृद्ध दांपत्य आपल्याला कोणी आईवडील म्हणून दत्तक घ्यावे, अशी जाहिरात देते. कल्पना विलक्षण आहे आणि तिच्यात विनोदाखाली मोठे धैर्य आहे. परंतु तेथेही मार्ग निघतो तो एका कुटुंबातून दुसऱ्या कुटुंबात. स्वतःच्याच घरात, स्वतःच्या मर्जीने, पण एकाकी न पडता राहता येईल, ही तिसरी वाट 'कालचक्र'लाही सुचत नाही.

यावर आमच्यातील काही वडीलधारे म्हणतील की, एकत्र कुटुंब मोडले त्याचे हे फळ आहे. त्यांनी महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' (१९८५) आठवून पाहावे. त्या वाड्यात माणसांना तोटा नाही. मुलगे, सुना, मुलगी, नातवंडे, सगळे आहेत. आणि त्याच वाड्यात दादी आहे. तिचा मुलगा वारला तरी ती त्याला हाक मारते, आणि किती वाजले ते पुन्हा पुन्हा विचारते. कोणी उत्तर देते, कोणी देत नाही. भरल्या घरातले एकाकीपण इतक्या थोड्या साधनांनी क्वचितच कोणी दाखविले असेल. छप्पर एक असले म्हणजे सोबत असतेच, या समजुतीला दादी हे कायमचे उत्तर आहे.

दादीवरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. आमच्या रंगभूमीवरील वार्धक्याचा नायक बहुधा पुरुष असतो. प्रत्यक्षात मागे एकट्या राहतात त्यांत स्त्रिया अधिक. कारण त्यांचे आयुष्य सरासरीने लांब आणि लग्नाच्या वेळी वय नवऱ्यापेक्षा कमी. कावेरी आधी जाते आणि गणपतराव मागे उरतात, हे नाटकाला सोयीचे आहे. चाळीस वर्षे घर चालविलेली आणि आता त्या घरात एकटी राहू इच्छिणारी म्हातारी अजून आमच्या रंगमंचाच्या मध्यभागी आलेली नाही. तिच्यासाठी ओसरीच्या कोपऱ्यातला बाजला तेवढा आहे.

मग आमच्या वाङ्मयात शेजारी नाहीच काय? आहे, आणि भरपूर आहे. पु. ल. देशपांड्यांच्या 'बटाट्याच्या चाळी'त (१९५८) शेजाऱ्यावाचून पान हलत नाही. तेथे कोणाच्या घरी काय शिजले हे सर्वांना ठाऊक, कोणाचे दुखणे लपत नाही आणि कोणाचे दार दुपारभर बंद राहिले तर चारजण डोकावणारच. शेवटच्या चिंतनात हसू थांबते आणि ती चाळ मोडून जे येणार त्याची हुरहूर लागते. परंतु ही चाळ विनोदाच्या दालनात आहे. येथे आम्ही आमच्या मुख्य निरीक्षणापाशी येतो. आमच्या वाङ्मयाने शेजार विनोदाला दिला आणि वार्धक्य शोकांतिकेला दिले. दोघांची गाठ पडू दिली नाही. शेजारी म्हटला की तो उसनी साखर मागणारा, चौकश्या करणारा, हसण्याजोगा. आणि म्हातारा म्हटला की तो वादळात उभा राहून आकाशाशी बोलणारा. हा म्हातारा त्या शेजाऱ्याकडे घराची जादा किल्ली ठेवतो, असा प्रवेश आम्ही पाहिलेला नाही.

एक अपवाद मात्र आदराने नोंदविला पाहिजे, आणि कर्नाटकात राहणाऱ्या मराठी वाचकाला तो विशेष जवळचा वाटेल. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात स्मृती गमावत चाललेले एक संस्कृत पंडित (डॉ. मोहन आगाशे) मुलीच्या नजरेआड होऊन एका हत्तीमागे चालत जातात. त्यांना सांभाळते ती माहुताची बायको चन्नम्मा. ती कन्नड बोलते. पंडितांचे पांडित्य तिला कळत नाही आणि तिची भाषा त्यांना उमजत नाही. ती त्यांना लेकरासारखे जेवू घालते आणि ते तिला आई समजतात. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी २०१३ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सार्थ होता. मराठी कलाकृतीत परका माणूस वृद्धाचा आधार होऊन इतक्या पूर्णपणे क्वचितच आला असेल.

तथापि राजा आणि चन्नम्मा यांना शेजारी शेजारी ठेवून पाहिले की एक साम्य दिसते आणि ते अस्वस्थ करते. दोघेही गरीब. दोघेही योगायोगाने भेटलेले. आणि दोघेही भेटतात ते म्हातारा घराबाहेर पडल्यावर. घर सुटल्याशिवाय, हरवल्याशिवाय माणूस माणसाला भेटत नाही, असाच आमच्या कलेचा अनुभव दिसतो. म्हातारा घरात असेपर्यंत तो कुटुंबाचा प्रश्न. रस्त्यावर आला की माणुसकीचा. आम्ही जिना चढताना त्या दारापाशी थांबलो नाही, त्याचे कारण कदाचित यातच असेल. ते गृहस्थ रस्त्यावर पडलेले असते तर आम्ही निश्चित धावलो असतो. ते त्यांच्या घरात होते, आणि दुसऱ्याचे घर म्हणजे दुसऱ्याची बाब.

प्रत्यक्ष जीवन या बाबतीत वाङ्मयाच्या पुढे गेलेले आहे. याच शहरात २००२ साली नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्ट ही संस्था आणि शहर पोलीस यांनी मिळून वृद्धांसाठी १०९० ही दूरध्वनी सेवा सुरू केली. छळाची तक्रार, मालमत्तेचा वाद, एकटेपण, फसवणूक, काहीही असो. ऐकून घेणारे कोणी तरी तारेच्या दुसऱ्या टोकाला बसले. २०२१ साली याच धर्तीवर १४५६७ ही सेवा देशभर आली. महाराष्ट्रात गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. वाढदिवस आणि व्याख्याने यांच्यापलीकडे जाऊन आजारी सभासदाच्या घरी फेरी मारण्याचा रिवाज पुष्कळ संघांनी ठेवला आहे. कोझिकोडे येथे १९९३ पासून रुग्णशुश्रूषेचे जे काम सुरू झाले, त्यातून केरळात वस्तीतल्याच स्वयंसेवकांनी अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाण्याची पद्धत रुजली. २००८ साली तेथील सरकारने त्याचे धोरणच केले. अमेरिकेत बोस्टन शहरात बीकन हिल नावाच्या वस्तीतील वृद्धांनी २००२ साली एक मंडळ चालू केले. वृद्धाश्रमात जावयाचे नाही, आपल्याच घरी राहावयाचे, आणि त्यासाठी लागेल ती मदत वर्गणी काढून एकत्र मिळवावयाची: दवाखान्यात नेणारा, नळ दुरुस्त करणारा, बर्फात वाणसामान आणणारा. पुढे त्याचे अनुकरण अनेक गावांनी केले. श्रीमंत देशातील त्या मंडळात आणि मिरजेच्या एखाद्या बोळात तत्त्व एकच आहे.

हे तत्त्व म्हणजे नुसती दया नव्हे, आणि येथेच लेखकाला खरी सामग्री आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे दहा कोटींहून अधिक होती, आणि २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत त्यांतील शंभरांत सुमारे सहाजण एकटे राहत असल्याचे आढळले. त्यांतले बरेचजण नाइलाजाने राहतात. पण सगळे नव्हेत. पुष्कळांना आपली खुर्ची, आपली चहाची वेळ, आपले देवघर आणि आपली कुलूपकिल्ली सोडावयाची नसते. त्यांना सुरक्षित ठेवावयाचे तर न्हाणीघरात धरावयाला दांडी हवी, रात्री पायाखाली उजेड हवा, ओल्या फरशीवर खरखरीत पट्टी हवी, औषधांची यादी भिंतीवर हवी आणि जादा किल्ली जवळच कोणाकडे हवी. यांतली कोणतीही गोष्ट खर्चाची नाही. अवघड आहे ती ज्याच्या घरी करावयाची त्याची मर्जी. मदत करणाऱ्याचा हात केव्हा हक्काचा होतो हे त्याला स्वतःला कळत नाही. 'तुम्ही आता एकट्याने बाजारात जाऊ नका' या प्रेमाच्या वाक्यात एक तुरुंग असतो. सुरक्षितता आणि स्वातंत्र्य यांची ही ओढाताण रोज, मोठ्याने न बोलता, लक्षावधी घरांत चालू आहे. नाटक म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

आम्ही समाजसेवेची जाहिरात करणारे वाङ्मय मागत आहोत, असा आक्षेप कोणी घेईल. फडके आणि खांडेकर यांच्या नावांशी जोडलेला कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद आमच्या वाचकांना नवीन नाही, आणि तो पुन्हा उकरून काढण्याची आमची इच्छा नाही. आमची मागणी बोधाची नाही, अचूकपणाची आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धाचे खरे चित्र काढावयाचे तर त्यात दूधवाला येतो, फुलपुडी देणारी येते, औषधाच्या दुकानातला पोऱ्या येतो, समोरच्या गॅलरीतल्या वहिनी येतात. त्यांना गाळून चित्र काढले तर ते अधिक करुण होईल, अधिक खरे होणार नाही. अशा गाळलेल्या चित्राकडे पाहून आम्ही रडलो. पण त्या चित्रात आमची स्वतःची जागा नव्हती. मुलगा म्हणून अपराधी वाटून घेण्याची सोय होती, शेजारी म्हणून काही करण्याची नव्हती. आम्हां परगावी असलेल्यांना तर पहिली भूमिका फार सोयीची. दूरच्या बापासाठी गहिवरून यावे, महिन्याला पैसे पाठवावेत, आणि जवळच्या म्हाताऱ्याच्या दारावरून जावे.

आम्ही कारकून माणसे. कागदाच्या भाषेत विचार करावयाची सवय. निवृत्तिवेतन घेणाऱ्याला दर वर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या देण्याची सोय झाली, आणि ती चांगलीच आहे. आमच्या टेबलावर असे दाखले येत राहतात. एके दिवशी मनात आले की, सरकार माणसाला वर्षातून एकदा विचारते, 'आहात ना?' उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचा दाखला कोणी घ्यावयाचा?

तळमजल्यावरील गृहस्थ शस्त्रक्रियेनंतर पाच आठवड्यांनी घरी परतले. मुलीने त्यांना आपल्याकडे नेण्याचा पुष्कळ आग्रह केला. ते गेले नाहीत. इमारतीतल्या सहा बिऱ्हाडांनी बसून एक साधी व्यवस्था केली. त्यांनी सकाळी सातपर्यंत पुढच्या खिडकीचा पडदा बाजूला सारावयाचा. जिन्यावरून जाणाऱ्याने तिकडे पाहावयाचे. पडदा बंद असेल तर घंटा वाजवावयाची. किल्ली आमच्याकडे आहे. पहिल्या आठवड्यात ते आमच्यावर दोनदा चिडले, कारण पडदा उघडा असतानाही आम्ही चौकशीला गेलो होतो. "पडदा उघडा म्हणजे मी ठीक आहे, मग घंटा कशाला?" असे त्यांनी स्पष्ट इंग्रजीत सुनावले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. मदत करण्याच्या उत्साहात आम्ही त्यांचे घर हळूहळू आमचे करू लागलो होतो. आता आम्ही फक्त पडदा पाहतो. संध्याकाळी इमारतीतली मुले त्यांच्याकडे गणित शिकावयास जातात आणि त्यांना 'ताता' म्हणतात. हिशेब मांडावयाचा तर या व्यवस्थेत देणारे कोण आणि घेणारे कोण, हे सांगणे कठीण आहे.

त्याच सुमारास एका रविवारी आम्ही मिरजेस फोन केला. आमचे वडील तेथे एकटे असतात. दोनदा बंगळुरास आले, दोन्ही वेळा महिन्याच्या आत परत गेले. आम्ही जरा चाचरतच विचारले, "अण्णा, घराची एक किल्ली कोणाकडे ठेवलीय का?"

ते हसले. "तुला आत्ता सुचलं होय हे? चार वर्षं झाली, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे आहे. दुपारी पेपर परत द्यायला मी गेलो नाही, तर तो पोरगा पाठवतो."

चार वर्षे आमच्या जन्मघराची किल्ली ज्याच्याकडे होती, त्या माणसाचे पूर्ण नावही आम्हांस ठाऊक नव्हते. अण्णांविषयी काळजी करीत आम्ही येथे जे उसासे टाकले, त्या कोणत्याही उसाशात तो नव्हता. कारण आम्ही पाहिलेल्या कोणत्याही नाटकात तो नव्हता.

पुढच्या गणेशोत्सवातही 'नटसम्राट' व्हावे. थोर नाटक आहे, पुन्हा रडू. पण तिसऱ्या अंकातला तो बूटपॉलिशवाला राजा पहिल्या अंकातच, घर उभे असताना, शेजारच्या दारातून आत येतो असे नाटक कोणी तरी लिहावे, अशी आमची इच्छा आहे. त्यात मोठी स्वगते नसतील. एक किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात जाईल, आणि ती देणाऱ्याचा हात क्षणभर अडखळेल. नाटककार समर्थ असेल तर त्या अडखळण्यात सगळे येईल. तोपर्यंत आमच्या वाचकांनी नाटकाहून रात्री घरी परतताना जिन्यातली दारे पाहत वर जावे.